सांगलीच्या बाजारात थांबणं कोणाला परवडतं?

हळद वधारल्याची बातमी आली की कृष्णाकाठच्या गावांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आता वाढून काय उपयोग, आपली तर मार्चमध्येच गेली." दरवर्षी असंच होतं असं नाही. एखाद्या साली मार्चचाच भाव सगळ्यात चांगला ठरतो आणि माल ठेवणारा पस्तावतो. पण ज्या साली भाव चढतो, त्या साली चढायच्या आधीच बहुतेक लहान शेतकऱ्यांची हळद विकून झालेली असते. व्यापाऱ्यांची लबाडी म्हणून हे एका शब्दात निकालात काढता येतं, आणि लबाडी बाजारात असतेही. तरी लबाडी सगळी काढून टाकली तरी हे चित्र फारसं बदलणार नाही. सांगलीसारखी बाजारपेठ मालाच्या खरेदी-विक्रीइतकीच माल थांबवून ठेवण्यावर उभी आहे. थांबायला जागा लागते, पैसा लागतो आणि भाव पडला तर सोसायची ताकद लागते. हे तिन्ही ज्याच्याकडे आहे तो थांबतो, बाकीचे विकून मोकळे होतात. या लेखात हळद, बेदाणा आणि कृष्णा या तिघांच्या आधारानं तेवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी जागा पाहू. सांगली कृष्णेच्या काठावर, आणि गावाला लागूनच हरिपूर. तिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते. त्याआधी वर कराडला कोयना मिळालेली असते. म्हणजे सह्याद्रीच्या मोठ्या पट्ट्यातलं पाणी एकवटूनच सांगलीपुढून जातं. पश्चिमेला शिराळ्याच्या बाजूला धो धो पाऊस, तर पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ हे कायमचे तहानलेले तालुके. नदीकाठची काळी, पाणी धरणारी जमीन ऊस आणि हळदीला मानवते. पूर्वेची कोरडी हवा द्राक्षं वाळवायला अगदी योग्य. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचंच पाणी पूर्वेला चढवलं जातं. या दोन जगांच्या मधोमध सांगली आहे. पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असल्यामुळे इथं पेठा वसल्या, गुजराती, मारवाडी आणि लिंगायत व्यापारी आले. १९२९ साली आयर्विन पूल झाला आणि नदीपलीकडचा मुलूख बारमाही बाजाराला जोडला गेला. आजही अडतीच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या, दुकानात मराठी आणि कन्नड दोन्ही एका दमात बोलणारी माणसं भेटतात, कारण हळद आणि गूळ बेळगाव-बागलकोटकडूनही येतो.

हळद पोत्यात येईपर्यंत

हळद मे-जूनमध्ये लागते आणि आठ-नऊ महिने जमिनीत राहते. जानेवारीत पाला वाळतो, तो कापायचा, मग काढणी. जमिनीतून निघालेली ओली हळद बाजारात चालत नाही. ती शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजायची, आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. शिजलेली हळद उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. ओल्या पाच क्विंटलांतून वाळलेली साधारण एक क्विंटल हातात येते. शेतात डोंगराएवढी दिसणारी हळद ट्रॉलीत भरली की मावून जाते.

या सगळ्याला रोख पैसा लागतो, आणि तोही पिकाचा पैसा यायच्या आधी. काढणीची मजुरी, शिजवणीचं भाडं, बारदान, वाहतूक. हा खर्च अनेकदा अडत्याकडून 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन भागवला जातो. उचलीवर व्याज कधी लागतं, कधी लागत नाही. एक अट मात्र न बोलता ठरलेली असते. माल त्याच दुकानी उतरवायचा.

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात, प्रत्येक लॉटमधून नमुना काढून ठेवलेला असतो. खरेदीदार, अडत्ये आणि बाजार समितीचा माणूस असा घोळका दुकानामागून दुकान पुढे सरकतो. खरेदीदार हळकुंड उचलतो आणि बोटांत धरून मोडतो. नीट वाळलेलं हळकुंड टणक असतं, मोडताना आवाज येतो आणि आतला रंग गर्द नारिंगी दिसतो. कमी वाळलेलं वाकतं. बाहेरून पिवळं धमक आणि पोटात कच्चं असा माल असेल तर या एका मोडण्यात तो उघडा पडतो. हळकुंड वेगळं, गड्डा (मधला जाड कंद) वेगळा, कणी (तुटके तुकडे) वेगळी, आणि तिन्हींचे भाव वेगळे. एकेका लॉटचा लिलाव मिनिटाभरात आटोपतो. नऊ महिन्यांची शेती त्या मिनिटात ठरते. म्हणून शेतकऱ्यानं सौद्याला हजर राहावं असं मला कळकळीनं वाटतं. बोली पटली नाही तर माल न देण्याचा हक्क त्याला आहे. तो हक्क घरी बसून वापरता येत नाही.

विक्री झाली की हातात येते 'पट्टी', म्हणजे हिशोबाची चिठ्ठी. वर मालाचं वजन आणि भाव, त्याखाली एकेक कपात: हमाली, तोलाई, उचल घेतली असेल तर ती, व्याज असेल तर ते. बाजार समितीचा सेस कायद्यानं खरेदीदारानं भरायचा असतो. अडत कोणाकडून घ्यायची हे मालागणिक बदलतं. फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून महाराष्ट्रात खरेदीदाराकडून घेतली जाते. इथं एक गोष्ट लक्षात ठेवली तर बराच गोंधळ मिटतो. कपात कागदावर कोणाच्याही नावे असो, खरेदीदार बोली लावताना ती धरूनच आकडा बोलतो. म्हणून दोन बाजारांतल्या भावांची तुलना करताना बोर्डावरचा भाव पाहू नये. सगळं वजा जाऊन क्विंटलमागे हातात काय पडलं, तो आकडा पाहावा.

मार्च का आडवा येतो

हळदीची आवक जोरात असते ती फेब्रुवारी ते एप्रिल. आणि नेमकी ३१ मार्च ही विकास सोसायटीचं, म्हणजे गावच्या सहकारी पतसंस्थेचं, पीककर्ज फेडायची तारीख. ती पाळली तर राज्यात तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, चुकली तर ही सवलत जाते. शिवाय जुनं फेडल्याशिवाय नवं मिळत नाही. याला गावात 'नवं-जुनं करणं' म्हणतात. कित्येक जण तर दोन-चार दिवसांपुरते हातउसने पैसे उभे करून हे नवं-जुनं उरकतात. लग्नसराईही त्याच सुमारास, आणि पुढच्या लागणीची तयारीही. म्हणजे पिकाचं वेळापत्रक आणि कर्जाचं वेळापत्रक एकाच महिन्यात येऊन भिडतात, आणि हजारो शेतकरी एकाच वेळी बाजारात उतरतात. आवक वाढली की भाव दबतो, त्यासाठी कुणाला कट करावा लागत नाही.

थांबायचं म्हटलं तर काय पडतं? एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दहा क्विंटल हळद, भाव १४,००० रुपये, म्हणजे मालाची किंमत १ लाख ४० हजार. घरात १ लाख ५ हजारांची नड आहे. माल न विकता हे पैसे खासगी सावकाराकडून महिना शेकडा दोननं उचलले, तर सहा महिन्यांचं व्याज १२,६०० होतं. क्विंटलमागे १,२६०. म्हणजे भाव १५,२६० च्या वर गेला तरच थांबण्याला अर्थ, आणि त्यात गोदामभाडं अजून धरलेलंच नाही.

आता दुसरा रस्ता. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि हळद त्यात बसते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के दरानं सहा महिन्यांसाठी मिळतं. १ लाख ४० हजाराचे ७५ टक्के म्हणजे तेच १ लाख ५ हजार. सहा महिन्यांचं व्याज ३,१५०. क्विंटलमागे ३१५. म्हणजे तोच शेतकरी, तीच हळद, तेवढेच महिने, आणि थांबण्याचा खर्च मात्र एक चतुर्थांश. सांगलीच्या मोठ्या व्यापाऱ्याला बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलता येणारं कर्ज, मिळतं. त्यामुळे त्याचा थांबण्याचा खर्च या दुसऱ्या रस्त्याच्या जवळपास असतो, लहान शेतकऱ्याचा पहिल्याच्या. व्यापारी जास्त हुशार असतो म्हणून कमावतो असं आपण म्हणतो, तेव्हा ही व्याजाची तफावत नजरेआड राहते.

मग सगळे तारण योजनेकडे का जात नाहीत? काही समित्यांकडे गोदामच पुरेसं नसतं. सातबारा, पीकपेरा, मालाची प्रतवारी, या सगळ्यात चार हेलपाटे होतात, आणि अडत्याची उचल मात्र एका फोनवर मिळते. उचल घेतलेली असेल तर माल आधीच बांधला गेलेला असतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे भाव पडायची भीती. वरच्याच उदाहरणात भाव १३,००० वर आला तर मालात दहा हजारांचा फटका आणि वर व्याज. ज्याच्याकडे वर्षातून एकदाच पैसा येतो, त्याला ही जोखीम घेऊ नकोस असं सांगणाराही चुकत नाही. त्यातल्या त्यात सरळ मार्ग म्हणजे निम्मा माल विकून देणी भागवावीत आणि उरलेला तारण ठेवावा. अनेक जाणते शेतकरी तसंच करतात.

हरिपूरचं पेव

सांगलीला हळदीची पेठ म्हणून नाव मिळालं त्यात हरिपूरच्या जमिनीचा मोठा वाटा आहे, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय सांगली समजत नाही. हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवायची पद्धत होती. त्यांना पेव म्हणतात. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, आत मात्र ऐसपैस, पंधरा-वीस फूट खोल. तिथली माती अशी की भिंती ढासळत नाहीत आणि ओलही आत झिरपत नाही. तळाला आणि कडेनं उसाचा पाला, चटया घालायच्या, हळद ओतायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. आतली हवा थोड्याच दिवसांत संपते. हवा नाही म्हणजे कीड नाही. अशी हळद तीन-चार वर्षंसुद्धा टिकायची, रंग उतरायचा नाही, वजनातही थोडी भर पडायची. वीज नाही, औषध नाही, भाडंही बेताचं. कीटकनाशकाच्या गोळ्या टाकून धान्य टिकवण्याच्या आजच्या काळात हे तंत्र किती अव्वल होतं हे कळतं.

पेव उघडणं हे मात्र जिवावरचं काम. आत प्राणवायू नसतो. तोंड उघडून बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग कंदील खाली सोडून पाहायचं. ज्योत विझली तर उतरायचं नाही. हरिपूरचे हे कामगार पिढीजात होते आणि त्यांच्या अंदाजावर लाखोंचा माल आणि माणसांचे जीव अवलंबून असत.

पेवामुळे सांगलीत एक वेगळीच गोष्ट घडली. माल वर्षानुवर्षं टिकतो म्हटल्यावर तो न हलवताही विकता येतो. पेवातली हळद पेवातच राहायची आणि मालक बदलायचा. यातूनच पुढच्या महिन्यांचे सौदे आज करण्याची, म्हणजे वायद्याची सवय रुजली. स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज नावाचा हळदीचा वायदेबाजार सांगलीत होता. २००४ मध्ये एनसीडीईएक्स या शेतमालाच्या ऑनलाइन वायदेबाजारात देशपातळीचा हळद वायदा सुरू झाला आणि गावाच्या बाजारातला आकडा संगणकावर गेला. वायदा म्हणजे जुगार अशी समजूत आहे. काहींसाठी तो तसा असतोही. पण ज्या व्यापाऱ्यानं मार्चमध्ये शंभर क्विंटल घेऊन ठेवली, तो ऑगस्टचा वायदा आजच विकून भाव बांधून घेतो. पुढे बाजार पडला तर गोदामातला तोटा वायद्यातल्या नफ्यानं भरून निघतो. म्हणजे थांबण्याची जोखीमही त्याला दुसऱ्यावर टाकता येते. दहा क्विंटलवाल्याला ती सोय नाही, कारण वायद्याचा एक व्यवहारच त्याच्या सगळ्या मालापेक्षा मोठा असतो.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद आतल्या आत कुजली. त्यानंतर व्यापाऱ्यांचा पेवावरचा भरवसा उडाला. बँकांना आणि विमा कंपन्यांना पक्कं गोदाम हवं होतं, तेही आता मिळू लागलं होतं. साठवण गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. भाडं वाढलं, विजेचं बिल आलं, आणि माल थांबवणं पूर्वीपेक्षा महाग झालं.

बेदाणा आणि 'झिरो पेमेंट'

हळदीला निदान दम आहे. द्राक्षाला तोही नाही. तोडलेली द्राक्षं दोन-चार दिवसांत बाजारात गेली पाहिजेत, नाहीतर व्यापारी म्हणेल तो भाव. बेदाणा हा यावरचा तोडगा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, जाळीच्या रॅकवर शेडमध्ये पसरायचे, दोन आठवड्यांच्या आत वाळतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. त्यासाठी कोरडी हवा लागते, म्हणून शेड दिसतात त्या कवठे महांकाळ, जत आणि मिरज तालुक्याच्या पूर्व भागात. या पंधरा दिवसांत अवकाळी पाऊस आला तर माल काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं कौतुक आहेच, पण शेडवर ढग आले की मानांकन कामाला येत नाही.

वाळलेला बेदाणा पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला जातो आणि वर्षभर सांगली आणि तासगावच्या सौद्यांत थोडा थोडा विकला जातो. रमजान आणि दिवाळीच्या आधी मागणी चढते. वरवर पाहता इथं शेतकऱ्याला थांबता येतं, आणि हळदवाल्यापेक्षा तो खरंच बऱ्या स्थितीत आहे. तरी दोन दुखणी जुनी आहेत. एक उधळण. सौद्यात खरेदीदार बॉक्समधून मूठ मूठ बेदाणा काढून पाहायचे आणि तिथंच भिरकावून द्यायचे. दिवसअखेर जमिनीवर बेदाण्याचा सडा. तो सगळा शेतकऱ्याच्या वजनातून गेलेला. शेतकरी आणि संघटना यावर भांडल्या, तेव्हा बाजार समित्यांना उधळणीवर बंदी घालावी लागली.

दुसरं दुखणं पैशाचं. नियमाप्रमाणे विकलेल्या मालाचे पैसे ताबडतोब मिळायला हवेत. बेदाण्यात ते आठवड्यांनी येतात. परगावचा व्यापारी अडत्याचे पैसे थकवतो, अडत्या शेतकऱ्याचे. असं साचत साचत दिवाळीच्या तोंडावर इतकं थकतं की सौदेच सुमारे महिनाभर बंद ठेवून सगळ्यांनी सगळ्यांची देणी मिटवायची प्रथा पडली आहे. याला 'झिरो पेमेंट' म्हणतात. बाजाराच्या दृष्टीनं ही शिस्त चांगली आहे. ज्यानं पैसे थकवलेत तो व्यापारी पुढच्या हंगामात बोली लावण्यापूर्वी उघडा पडतो. पण हे आहे काय ते ओळखलं पाहिजे. विकलेल्या मालाचे पैसे जितके दिवस मिळत नाहीत, तितके दिवस शेतकरी व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज देत असतो. कोल्ड स्टोरेजचं भाडं मात्र त्याच्या माथी चालूच असतं. बेदाणा विकताना भावाइतकीच पैसे देण्याची मुदत आणि त्या दुकानाची पत यांची चौकशी करावी ती यासाठी.

या साखळीत ज्यांना एक दिवसही थांबता येत नाही, त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं. पोतं पाठीवर घेणारा हमाल, तोलाईदार, हळद निवडणाऱ्या आणि बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या बाया. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. मजुरी माथाडी मंडळामार्फत, तिच्यावर लेव्ही (मालकानं भरायची जादा रक्कम), त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि बोनस. देशात असा कायदा फार थोड्या ठिकाणी आहे आणि तो मोठ्या लढ्यांतून आला. शेडवर काम करणाऱ्या बायांना मात्र असं छत्र बहुधा नाही. त्यांची मजुरी दिवसावर किंवा किलोवर असते, आणि पाऊस आला तर शेतकऱ्याच्या मालाबरोबर त्यांचा रोजही जातो. सौदे महिनाभर बंद राहिले की यार्डातल्या चहाच्या टपरीपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांचाच गल्ला आटतो.

पाणी चढतं तेव्हा

सांगलीत पावसाळ्यात माणसं दोन आकडे विचारतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर, जुलै २०२१ मध्ये जवळपास ५५. पाणी शिरतं ते आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मग मारुती चौक, हरभट रोड, आणि घाऊक व्यापाराची गणपती पेठ.

पूर येतो तो बाजाराच्या सगळ्यात वाईट वेळी. जुलैअखेर ते ऑगस्ट म्हणजे दुकानदारानं श्रावण-गणपती-दसऱ्याचा माल कर्ज काढून भरून ठेवलेला असतो. साखर, डाळी, कापड, किराणा. नदीचा उतार इथं मंद आहे, वारणा हरिपूरला येऊन फुगवटा करते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, त्यामुळे पाणी सावकाश चढतं आणि तितक्याच सावकाश ओसरतं. चढायला वेळ लागतो हे चांगलं, तेवढ्यात माल माळ्यावर चढवता येतो. ओसरायला वेळ लागतो त्यात भिजलेलं सगळं सडतं. अलमट्टी धरणाच्या उंचीचा कर्नाटकाशी असलेला वाद, पूररेषेतली बांधकामं, धरणांतून पाणी कधी सोडायचं, यांवर दर पुरानंतर बोललं जातं. या कारणांची वाटणी अभ्यासकांनी करावी. व्यापाऱ्यासाठी परिणाम साधा आहे. माल गेला तरी त्यावरचं कर्ज जात नाही. विमा असेल तर भरपाई येते, तीही सवडीनं. २०१९ नंतर अनेकांनी गोदामं विश्रामबाग, कुपवाडच्या बाजूला उंचावर हलवली. ज्यांना दुसरी जागा परवडत नाही ते पेठेतच आहेत.

शेतात पूर गेला तर गोष्ट आणखी लांबते. हळदीच्या सरीत चार-सहा दिवस पाणी उभं राहिलं की कंद सडतो. वर पाला हिरवा दिसतो, खरं नुकसान काढणीला कळतं.

हळद सरकते आहे

मराठवाड्यात हिंगोली, वसमत, नांदेड भागात हळदीचं क्षेत्र झपाट्यानं वाढलं आणि तिथंच मोठे बाजार उभे राहिले. तेलंगणातलं निजामाबाद तर जुनं प्रतिस्पर्धी. राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झालं आणि त्याचं मुख्यालय तिथंच आहे. कृष्णाकाठच्या कित्येक शेतकऱ्यांनी हळद कमी करून ऊस वाढवला, कारण उसाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही आणि मजूरही कमी लागतात. तरी सांगलीत बाहेरून हळदीचे ट्रक येतात. पारखी नजर, दळणाऱ्या गिरण्या, गोदामं, गुजरात-दिल्लीकडचे जुने संबंध आणि उधारीवर चालणारा विश्वास हे एका दशकात दुसरीकडे उचलून नेता येत नाही. पीक सरकलं तरी साठवण आणि पैसा इथं टिकून आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनं मला एक मागणी अगदी हातातली वाटते. रब्बीच्या पीककर्जाला ३० जूनची मुदत असते. हळद जमिनीतून निघून, शिजून, वाळून पोत्यात येईस्तोवर मार्च सरत आलेला असतो, तरी तिचं कर्ज जिथं खरिपात धरलं जातं तिथं मुदत ३१ मार्चच. ही एक तारीख तीन महिने पुढे नेली, आणि तारण कर्जाचं गोदाम फेब्रुवारीतच उघडं ठेवलं, तर दहा-वीस क्विंटलवाल्याला मार्चच्या गर्दीत माल ओतावा लागणार नाही. ठेवायचा की विकायचा, हे मग तो भाव बघून ठरवेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा बँकेचा पुढाकार आणि बाजार समितीची थोडी तयारी लागते, आणि या दोन्ही संस्थांवर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले संचालक बसलेले आहेत.